चौथे ऋण आणि श्री गाडगेबाबा

आषाढ शुद्ध एकादशीच्या पर्वावर विठ्ठलभक्तांची चरित्रे गावी, ही आम्हां कीर्तनकारांची पिढीजात वहिवाट. नामदेवराय, चोखोबा, जनाबाई, सावतोबा ही नावे या दिवशी आपसूक ओठांवर येतात. आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सांगावयास बसलो आहोत तो वर्षानुवर्षे पंढरीस जात असे; परंतु देवळात दर्शनास म्हणून जात नसे. वारकऱ्यांचा लोंढा महाद्वाराकडे तोंड करून चालत असता हा त्यांच्या पाठीमागे वाळवंटात खराटा घेऊन त्यांनी केलेली घाण काढीत असे. श्री गाडगेबाबांचे चरित्र ठाऊक नाही असा मनुष्य महाराष्ट्रात विरळा. शाळेच्या पुस्तकात ते आहे, गावोगावच्या भिंतींवर त्यांचे चित्र आहे, 2000 साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही आहे. म्हणूनच की काय, ते चरित्र नीट बसून वाचावे असे आम्हांस फार वर्षे वाटले नव्हते. साठी उलटल्यावर आम्ही ते वाचले, आणि त्याला निमित्त झाले वाशीम जिल्ह्यातील अनसिंग हे गाव.

अनसिंग वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाचे नाव परंपरेने शृंगऋषींशी जोडले जाते. रामायणातील ऋष्यशृंगाचे पाऊल अंगदेशाच्या भूमीस लागताच तेथील अवर्षण संपले आणि पाऊस कोसळला, ही कथा आम्ही अनेकदा सांगितली आहे. गतवर्षी ज्येष्ठाच्या अखेरीस आम्ही कारंज्याहून अनसिंगला कीर्तनासाठी गेलो तेव्हा ऋषींनी आपला लौकिक राखला होता. दुपारपासून पावसाने झोडपले होते. रात्री नऊची वेळ ठरलेली. आम्ही पागोटे बांधून, उपरणे सावरून, नऊला मंडपात हजर. परंतु समोर चार म्हातारी माणसे आणि काही लेकुरवाळ्या बाया. पेटीवाले बसून होते. तबलजी मात्र बेपत्ता. चौकशी करता कळले की गावात एका एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईच्या घराची मातीची भिंत पावसाने बसली आहे, धाब्याचे छप्पर केव्हा खाली येईल याचा नेम नाही, म्हणून भजनी मंडळाची सारी मंडळी टिकाव-घमेली घेऊन तिकडे गेली आहेत, आणि तबलजीही त्यांतच आहेत. बुवांनी घटकाभर दम धरावा, असा त्यांचा निरोप होता.

खरे सांगावयाचे तर आम्हांस राग आला. वेळेच्या बाबतीत आम्ही काटेकोर. शिवाय त्या रात्रीचा पूर्वरंग आम्ही मोठ्या हौसेने बांधला होता. विषय होता मनुष्याच्या जन्मजात ऋणांचा. जन्मास येणारा तीन ऋणे घेऊन येतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने फेडावयाचे. हे निरूपण आम्ही चाळीस वर्षे करीत आलो आहोत. मंडपात रिकामे बसून मनाशी त्याची उजळणी करीत असता, आमच्या गुरुजींनी पाठशाळेत शिकविलेले आणि आम्ही कीर्तनात कधी न सांगितलेले एक वाक्य एकाएकी आठवले. शतपथ ब्राह्मणात ऋणे तीन नाहीत, चार आहेत. चौथे ऋण मनुष्यांचे. आणि ते फेडण्याची रीतही तेथे स्पष्ट दिली आहे: माणसांना राहावयास निवारा द्यावा आणि खावयास अन्न द्यावे. तीन ऋणांचे आख्यान सुटसुटीत होते, म्हणून आम्ही चौथे गाळीत आलो होतो. तिकडे काळोखात, चिखलात कोणी ते फेडीत होते, आणि इकडे आम्ही घड्याळ पाहत होतो.

असो. त्या रात्री पुढे काय झाले ते शेवटी सांगू. घरी परतल्यावर आम्ही गाडगेबाबांचे चरित्र काढून बसलो. चौथ्या ऋणाचा विचार करू लागताच वऱ्हाडात दुसरे नाव आठवेना.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी, महाशिवरात्रीस, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई, जात परिटाची. मुलाचे नाव डेबूजी. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले, त्यात जे होते ते गेले, आणि डेबूजी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आल्या. मामा चंद्रभानजींच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, मोट हाकू लागला, पूर्णेच्या पुरात पोहू लागला. शाळा त्याच्या वाट्यास आलीच नाही. ज्या पुरुषाने पुढे शाळा-वसतिगृहांसाठी जन्म वेचला त्याला अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट आम्हां पोथीपंडितांनी थोडा वेळ थांबून पाहण्यासारखी आहे.

त्या काळचे वऱ्हाड म्हणजे कापसाचे वऱ्हाड. रेल्वे आली होती, विलायती गिरण्यांना कापूस हवा होता, आणि काळ्या जमिनीला भाव आला होता. जमिनीला भाव आला की सावकाराला ती गहाण घेण्याचा उत्साह येतो. चंद्रभानजींनी असेच सावकाराचे कर्ज काढले. हप्ते भरले तरी वहीतला आकडा खाली उतरेना. वाचता येत नसलेल्या माणसाला सावकाराची वही म्हणजे दैवाचा लेखच. शेत गेले, आणि त्या धक्क्याने मामाही गेले. राहिलेल्या जमिनीचा ताबा घेण्यास सावकाराची माणसे आली तेव्हा तरुण डेबूजीने त्यांना शेतात पाऊल टाकू दिले नाही, ही हकीकत दापुऱ्याच्या पंचक्रोशीत दीर्घकाळ सांगितली जाई. पुढे बाबांच्या प्रत्येक कीर्तनात कर्ज काढू नका हा घोष का येई, आणि मुलांना शिकवा हा आग्रह त्याच्या पाठोपाठ का येई, याचे बीज या वहीत आहे. ही दोन वेगळी सांगणी नव्हती. एकाच जखमेच्या त्या दोन बाजू होत्या.

1892 साली डेबूजीचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलीच्या बारशाच्या वेळी त्याने जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारू न वाढता गोडाचे जेवण घातले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पंगतीचा रिवाज मोडणे म्हणजे काय हे ज्यांनी त्या काळची जातपंचायत ऐकली आहे त्यांनाच कळेल. वडिलांना दारूने नेले होते, आणि देवाच्या नावाने बकरे कापून पुन्हा दारूच पाजली जात होती. डेबूजीने ती साखळी आपल्या अंगणात तोडली. 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला तेव्हा तो ऐन चोविशीत होता. भुकेने माणसे कशी मरतात हे त्याने पोथीत वाचले नाही, डोळ्यांनी पाहिले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी पहाटेच्या अंधारात डेबूजी घराबाहेर पडला. योगायोग असा की त्याच साली इंग्रज सरकारने आमचा बाशीम जिल्हा मोडला, वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास दिले आणि पुसद यवतमाळास. अनसिंगच्या आसपास कोठेतरी कागदावरची ती रेघ पडली असावी. कागदावरचे जिल्हे मोडतात आणि जुळतात. 1998 साली वाशीम जिल्हा पुन्हा झाला. घर सोडून गेलेला माणूस मात्र परत आला नाही.

येथे आम्हांस अडखळावयास होते. मागे आई, पत्नी आणि लहान लेकरे. कीर्तनात हा प्रसंग आला की आम्ही सिद्धार्थ गौतमाची उपमा देऊन मोकळे होतो. परंतु गौतमाच्या यशोधरेच्या मागे राजवाडा होता. कुंताबाईंच्या मागे मोलमजुरी होती. शेजाऱ्याच्या दुःखाने ज्याचे हृदय फाटे त्याने स्वतःच्या चुलीकडे पाठ कशी फिरविली, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने हे चरित्र वाचलेले नाही, पुजलेले आहे. आम्हांस त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. एवढेच दिसते की त्यांनी घरच्यांना जे नाकारले ते स्वतःसही नाकारले. पुढे लक्षावधी रुपयांच्या इमारती त्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या. परंतु त्यांत आपल्या नातलगांचा हक्क राहू नये याची त्यांनी कसोशीने काळजी घेतली. महंताचा पुत्र महंत होण्याच्या या देशात ही गोष्ट साधी नव्हे. तरीही कुंताबाईंनी एकटीने जे भोगले ते या हिशेबात बसत नाही, आणि ते बसविण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही.

घर सोडल्यानंतरच्या वर्षांत हा माणूस कोणास कोण म्हणून ठाऊक नव्हता. अंगावर निरनिराळ्या चिंध्या शिवून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर मातीचे फुटके गाडगे. ऊन लागले की तेच गाडगे टोपी होई, भाकरी मिळाली की तेच ताट होई. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा. शेवटी गाडगे टिकले. भाकरी मागताना त्यांची एक अट असे, आणि ती अट स्वतःवरच असे. आधी काम. अंगण झाडून देईन, लाकडे फोडून देईन, आणि मग भाकरी घेईन. भिक्षेकरी आणि गृहस्थ यांच्यातील नाते त्यांनी असे उलटे करून टाकले. देणाऱ्यावर ज्याचे उपकार आहेत त्याला तुच्छ लेखणे कठीण जाते.

आमच्या दृष्टीने या चरित्राचा मध्य आहे ऋणमोचन. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी हे क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. नदीत स्नान केले की ऋणातून मुक्ती मिळते, अशी श्रद्धा. नावही तेच सांगते. यात्रेकरू ओलेत्याने वर चढू लागत तेव्हा काठच्या चिखलात पाय घसरून पडत. म्हातारीकोतारी माणसे हातपाय मोडून घेत. शेकडो वर्षे पडत आली होती, आणि शेकडो वर्षे लोक ते पाहत आले होते. गाडगेबाबांनी तो चिखल पाहिला आणि फावडे मागितले. प्रथम एकट्याने पायवाट करावी, मग पाहणाऱ्यांतल्या एखाद्या पोराने टोपली उचलावी, असे करता करता लोकवर्गणीतून आणि लोकांच्या श्रमातून तेथे घाट बांधून निघाला. पुढे याच यात्रेत आंधळे, पांगळे व कुष्ठरोगी यांना अन्न-वस्त्र देण्याचा त्यांचा परिपाठ सुरू झाला, तो दीर्घकाळ चालला. आई व पत्नीची गाठही येथेच पडली. घरी परतणे मात्र झाले नाही.

ऋण फिटावे म्हणून लोक पाण्यात बुडी मारीत होते, आणि ऋण काठावरच्या चिखलात पडलेले होते. शतपथकारांनी सांगितलेले चौथे ऋण हेच. गाडगेबाबांना शतपथ ब्राह्मण हे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही.

धर्मशास्त्राचा आणखी एक दाखला दिल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. सवयीचा दोष समजून वाचकांनी क्षमा करावी. आपल्या स्मृतींनी धर्मकृत्यांचे दोन वर्ग केले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, धर्मशाळा, अन्नछत्रे, बागा हे पूर्त. वेदोक्त कर्माचे दार ज्यांना त्या स्मृतींनी बंद केले त्यांनाही पूर्ताचा अधिकार मात्र त्यांनीच दिला. अधिकाराची ती वाटणी अन्यायाची होती, हे आज आम्ही निःसंकोच म्हणतो. परंतु परिटाच्या घरी जन्मलेल्या एका निरक्षर माणसाने जो वाटा त्याच्याकडे सरकविला गेला तो घेऊन एवढा वाढविला, की आमचे सारे इष्ट त्यापुढे ओशाळवाणे दिसते.

मूर्तिजापूरला धर्मशाळा व गोरक्षण, नाशिकला धर्मशाळा, आळंदी व देहूस धर्मशाळा, पंढरपूरला धर्मशाळा. सारी यादी देत बसणे हा या लेखाचा हेतू नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा मात्र सांगितलीच पाहिजे. ज्या वारीत सारे समान म्हणून आम्ही कीर्तनांत गहिवरतो, त्याच वारीत महार समाजाच्या वारकऱ्याला रात्री पाठ टेकण्यास छप्पर मिळत नसे. चारशे-पाचशे मैल पायी चालून आलेला भक्त नदीकाठी पावसात बसे. बाबांनी 1920 च्या सुमारास या वारकऱ्यांसाठी चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधविली. विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाने दार उघडण्याच्या सुमारे पाव शतक अगोदर बाबांनी निवारा दिला होता. देवळात जाऊन दर्शन घेण्याचा आग्रह त्यांनी स्वतः का धरला नसावा, याचा उलगडा आम्हांस येथे होतो. पुढे 1949 साली ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली, तेथे विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणून. बांधलेली वास्तू देऊन टाकण्यास बांधण्यापेक्षा मोठे मन लागते.

मुंबईची गोष्ट वेगळ्या प्रकारची. खेड्यातून रोगी घेऊन जे. जे. रुग्णालयात आलेली माणसे रोग्याला खाट मिळाली की स्वतः पदपथावर पडत. औषधापेक्षा मुंबईत राहण्याचा खर्चच भारी. तो न झेपून उपचार अर्धे टाकून परतणारेही असत. बाबांनी रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी करविली. यात्रेकरूचा अर्थ त्यांनी असा रुंदावला. देवाकडे निघालेला तो यात्रेकरूच, परंतु रोगाने ज्याला परमुलखात ओढून आणले तोही यात्रेकरू. पुढे त्यांच्या नावाच्या मिशनने दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी धर्मशाळा काढली ती याच वाटेने. हे मिशन 1952 साली स्थापन झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेवर बाबांचा लोभ होता, आणि त्या संस्थेने 1954 साली कऱ्हाडला काढलेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव दिले. निरक्षराच्या नावाचे महाविद्यालय!

आता त्यांच्या कीर्तनाविषयी. कारण तो आमचा प्रांत. आम्ही नारदीय परंपरेचे. पूर्वरंग, मध्ये नामगजर, उत्तररंगात आख्यान, मागे झांजा-तबला-पेटी, शेवटी आरती आणि आरतीच्या तबकात दक्षिणा. गाडगेबाबांचा पूर्वरंग सकाळीच सुरू होई, तो खराट्याने. गावात शिरताच ते न बोलता रस्ता झाडू लागत, गटार उपसू लागत. पोरे हसत, कुत्री भुंकत. हळूहळू कोणाला तरी लाज वाटे. कोणी एक दुसरा खराटा घेऊन येई, मग तिसरा. आणि दिवस मावळेपर्यंत गाव लख्ख होई. रात्री जे कीर्तन होई तो केवळ उत्तररंग. भाषा वऱ्हाडी, साधी, शेतातली. गोपाळाच्या नावाचा गजर, तुकोबा-कबिरांचे आधार, आणि श्रोत्यांना प्रश्नावर प्रश्न. उत्तर श्रोत्यांकडून काढून घ्यावयाचे आणि त्याच उत्तरात त्यांना धरावयाचे. नवसाला बकरे का कापता, लग्नासाठी कर्ज का काढता, दारूत काय ठेवले आहे, माणसाला शिवून माणूस कसा बाटतो. पोटाला चिमटा घ्या, भांडी विका, परंतु मुलाला शाळेत घाला. त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते. आम्ही ते ऐकले तेव्हा पहिल्यांदा कानाला खडबडीत लागले. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले की आम्ही ज्याला विरामस्थान म्हणतो तेथे हा माणूस श्रोत्याच्या डोळ्यांत पाहत असला पाहिजे.

कीर्तन संपले की पायावर डोके ठेवण्यास लोक धावत, आणि बाबा काठी उगारून त्यांना पिटाळीत. बिदागी नाही, मेजवानी नाही, मुक्काम नाही. कीर्तन आटोपताच काळोखात नाहीसे व्हावयाचे, की सकाळी सत्कार करण्यास गावाला माणूसच सापडू नये. शिष्य केला नाही, मठ केला नाही, मंत्र दिला नाही. त्यांच्या चरित्रात चमत्कारही नाहीत, आणि ही आम्हां आख्यानकारांची मोठी अडचण आहे. रोगी उठून बसल्याचे, पाण्याचे दिवे लागल्याचे काही सांगता येत नाही. चिखलाचा घाट झाला, एवढेच सांगता येते. आणि तोही लोकांनी बांधला.

लोकांनी बांधला, हे येथे पुन्हा सांगण्याचे कारण आहे. एखाद्या धनिकाकडून रक्कम आणून धर्मशाळा उभारणे त्यांना अशक्य नव्हते. मोठमोठे धनिक त्यांच्या शब्दाखातर थैल्या उघडीत. परंतु पैशाला ते स्वतः हात लावीत नसत. विश्वस्त नेमावे, हिशेब त्यांच्याकडे द्यावा आणि पुढच्या गावी चालू लागावे. आणि जेथे गावाचे काम असे तेथे ते गावाच्याच हातांनी करवून घेत. दान देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान होतो, हा व्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता. सावकारही शेवटी देणाराच होता. शेजाऱ्याच्या दारातला दगड शेजाऱ्यांनी मिळून उचलला तर कोणी लहान होत नाही, आणि कोणाच्या वहीत काही लिहिले जात नाही.

1923 सालच्या मे महिन्यात कोकणात खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालू होते. खारेपाटण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथे कीर्तनातच निरोप आला की एकुलता राहिलेला मुलगा गोविंदा पिसाळलेला कुत्रा चावून गेला. बाबांनी ऐकले, आणि कीर्तन पुढे चालविले. हा प्रसंग सांगताना आमचे सहकारी श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतात. आम्हीही काढले आहे. आता मात्र तो रंगवून सांगण्याचा धीर होत नाही. पितरांचे ऋण प्रजेने फिटते, असे आम्ही सांगतो. ज्याची प्रजा डोळ्यांदेखत गेली आणि ज्याने ती असतानाही तिच्याकडे पाठ केली होती, त्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय झाले असेल? कीर्तन पुढे चालले हे वैराग्य होते, की थांबल्यास पुन्हा उभे राहता येणार नाही हे भय होते? कीर्तनकाराला एवढे ठाऊक असते की समोर हजार माणसे बसलेली असली म्हणजे आतले काही बाहेर येऊ देता येत नाही. तिकडे दापुऱ्याच्या बाजूस कुंताबाईंसमोर हजार माणसे नव्हती.

1956 च्या नोव्हेंबरात, 8 तारखेस, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. शरीर थकले होते. 6 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या पुलाशी, धावत्या मोटारीत गाडगेबाबांनी देह ठेवला. आयुष्यभर घर न केलेल्या माणसास मृत्यूही रस्त्यावर आला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

अनसिंगची हकीकत अर्धी राहिली आहे. साडेदहाच्या पुढे मंडळी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यांवर मातीचे कण. भिंतीला तात्पुरता टेकू दिला होता, छपरावर ताडपत्री ओढली होती, आणि सामान काढून शेजारच्या घरी ठेवले होते. नवी भिंत घालण्यास कोणी विटा द्यावयाच्या, कोणी रेती आणावयाची, हेही येता येता ठरले होते. ती म्हातारीही बरोबर आली होती; घर पडले म्हणून कीर्तन चुकवावे असे तिला वाटले नव्हते. मंडळींनी नळावर हातपाय धुतले, आम्हांस उशिराबद्दल नमस्कार केला, आणि तबलजींनी ओल्या धोतरानेच डग्ग्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांच्या पेरांत माती होती.

आम्ही उभे राहिलो. तीन ऋणांचा श्लोक जिभेवर तयार होता. तो म्हणता येईना. चाळीस वर्षांत प्रथमच आम्ही पूर्वरंगावाचून कीर्तन सुरू केले. पूर्वरंग गावाने भिंतीपाशी उरकला आहे, असे श्रोत्यांना सांगितले. ते थोडे हसले. बुवा उशीर झाल्याने आटोपते घेत आहेत, असे बहुतेकांना वाटले असावे. रात्री एकला आरती झाली. तबक फिरून आमच्यापुढे आले तेव्हा ते आम्ही भजनी मंडळाच्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती दिले आणि विटांचा भाव विचारला.

पहाटेच्या गाडीने परतावयाचे होते. गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही ते घर पाहण्यास गेलो. पाऊस थांबला होता. म्हातारी आमच्या आधीच येऊन पोहोचली होती, आणि ताडपत्रीखाली, पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्याभोवतीची जमीन खराट्याने झाडीत होती.